लोलाच्या सिनिगांगमधली चिंच

मारिसेलनं डबा पुढे केला, पण सोडला नाही. एका बाजूला तिचे लोकरी हातमोजे, दुसऱ्या बाजूला उत्कर्षाची उघडी बोटं आणि मध्ये आइस्क्रीमचा जुना डबा, झाकणाच्या फटीतून वाफ सोडणारा.

"एक लक्षात ठेव," मारिसेल म्हणाली. "चव बिघडली असली तर मला सांगायचं. उगाच छान म्हणायचं नाही. खरं सांगायचं."

"बिघडेल कशी? लोलाच्या हातचं आहे."

"तरी सांग."

"बरं बाई, सांगेन," म्हणत उत्कर्षानं डबा ओढून घेतला आणि दार लावलं. बाहेर बर्फ भुरभुरत होता आणि तिची लेक उमा रांगत पार उंबऱ्यापर्यंत आली होती.

मुरुडला उत्कर्षाची आई शेजारी काही पाठवताना असंच म्हणायची, काही कमीजास्त असेल तर सांगा हं. आजवर कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं नसतंच ते. बिरड्यात मीठ घालायचं राहिलं तरी शेजारच्या काकू 'सुंदर झालं होतं' म्हणत वाटी परत करत, आणि वाटीत चार बोरं तरी घालून देत. मारिसेलचं बोलणंही उत्कर्षानं त्याच रीतीत जमा केलं आणि विसरून गेली.

डब्यांची ही ये-जा गेल्या उन्हाळ्यात सुरू झाली होती. कॅनडातल्या मिल्टनच्या या नव्या वस्तीत घरं भिंतीला भिंत लावून उभी होती. पलीकडे लसूण ठेचला की अलीकडच्या ओट्यावरचे चमचे हलायचे. त्या घरात मारिसेल आणि तिची आई राहत. मारिसेल वृद्धाश्रमात नर्स होती. सकाळी अंधारात जायची, रात्री तिथल्याच कॅन्टीनमध्ये जेवून यायची. आई दिवसभर घरी. तिचं नाव रेमेदियोस, पण सगळी गल्ली तिला लोला म्हणे. फिलिपिनो लोकांत आजीला लोला म्हणतात.

पहिला डबा आला तेव्हा उत्कर्षाच्या नवऱ्यानं, पुष्करनं, झाकण उघडून पाहिलं आणि पुन्हा लावलं.

"बाहेर व्हॅनिला, आत कोळंबी. हा सरळसरळ विश्वासघात आहे."

"तू वरण-भात खा," उत्कर्षा म्हणाली आणि वाटीतून एक घोट घेतला.

तिचे कान गरम झाले. चिंच होती. नुसती चिंच नव्हे, मुळा, भेंडी, टोमॅटो, लांब देठांची कसलीशी पालेभाजी आणि कोळंबीचा गोडवा, पण सगळ्यांच्या पुढे उभी राहून बोलणारी चिंच. हे सिनिगांग. उत्कर्षानं डोळे मिटले. उमाच्या जन्मानंतर इतक्या महिन्यांत तिनं पहिल्यांदाच काहीतरी गरम असताना संपवलं. डबा घासला, पुसला आणि त्यात केळं घालून केलेला शिरा भरून तो परत केला. डबा रिकामा कसा पाठवायचा? दोन दिवसांनी तो पुन्हा आला. पलीकडेही हीच रीत असावी.

मग कधी नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं आली. "हे तर फदफदं!" पुष्कर म्हणाला आणि त्या दिवसापासून पाघळला. कधी केळीच्या पानावर भाजलेला तांदळाचा केक, बिबिंगका. उमाचा पहिला दात आला तेव्हा आलं घातलेली तांदळाची पेज आली. उत्कर्षा डबा द्यायला जायची ती तासभर तिथेच रमायची. लोला दारातच विचारायची, "जेवलीस?" आणि उत्तराची वाट न पाहता वाटी पुढे सरकवायची. मग समोर बसायची. दोन्ही हात टेबलावर ठेवून, उत्कर्षाच्या तोंडाकडे बघत.

"छान! खूपच छान!" उत्कर्षा म्हणायची. उन्हाळ्यात ते खरंच होतं.

ख्रिसमसनंतर लोला तापानं आठवडाभर झोपून होती. ताप उतरल्यावरचा पहिला डबा तो, मारिसेलनं न सोडलेला.

त्या दिवशीची अळूची भाजी खारट होती. उत्कर्षानं भात जास्त घेतला. पुढच्या डब्यातलं सिनिगांग नुसतंच कोमट लालसर पाणी वाटलं, मीठ मात्र भरपूर.

"तुला काही वेगळं लागतंय?" तिनं पुष्करला विचारलं.

"असेल त्यांचं तसंच. आपल्याला काय कळतंय त्यातलं?"

"पण उन्हाळ्यात आंबट होतं."

"तेव्हा उन्हाळ्याचं असेल, हे हिवाळ्याचं असेल. पन्हं काय आपण जानेवारीत पितो?"

पटण्यासारखं होतं. तरी उमाला निजवून उत्कर्षा फोनवर शोधत बसली. परदेशी माणसं फिलिपिनो जेवण चाखतानाचे पुष्कळ व्हिडिओ सापडले. एक उंच गोरा पोरगा, एक जर्मन जोडपं, टोरंटोचे दोन पंजाबी भाऊ. सगळे पहिल्या घासाला डोळे विस्फारत, एकमेकांना कोपरानं ढोसत आणि म्हणत, ओ माय गॉड. आंबटाला ओ माय गॉड, सुक्या मासळीला ओ माय गॉड, नुसत्या भातालाही. किती आंबट म्हणजे बरोबर, हे त्यांतल्या कुणाच्याच तोंडावर दिसत नव्हतं. उत्कर्षानं फोन पालथा ठेवला. दुसऱ्या दिवशी लोला समोर बसून बघत असताना तिनं खारट पेजेचा घास गिळला आणि म्हणाली, "छान. खूपच छान."

"बँकेत टेस्टिंग करतेस ना तू?" पुष्करनं चिडवलं. "तिथे एक स्वल्पविराम चुकला तर प्रोग्रामर लोकांची झोप उडवतेस. इथे सगळं पास?"

"ते सॉफ्टवेअर आहे. ही लोला आहे."

आता लोला नुसती शेजारीण राहिली नव्हती. मॅटर्निटी लीव्ह संपत आली होती. डेकेअरच्या वेटिंग लिस्टमध्ये उमाचा नंबर कुठेतरी पुढच्या वर्षात होता. उत्कर्षाची नोकरी सुटली तर घराचा हप्ता एकट्या पुष्करवर येणार होता आणि कायम रहिवासी होण्याच्या अर्जातही तिची नोकरी धरलेली होती. तेव्हा लोलाच म्हणाली, मी बघीन हिला. उमा तिच्याकडे रडत नसे. तिच्या कुशीत शिरून तिच्या गळ्यातला क्रॉस चोखत बसायची. ठरलं. सोमवारपासून उमा लोलाकडे. त्याआधीच्या गुरुवारी एक दुपार ठेवून बघायचं.

त्या गुरुवारी उत्कर्षा लायब्ररीत जाऊन बसली. चार वाजता घ्यायला जायचं होतं. तीनलाच उठली. सवयच होती तिची. कार सीटचा पट्टा ती तीनदा ओढून बघायची, घरातल्या प्रत्येक टेबलाचे कोपरे तिनं स्पंजनं मढवले होते, आणि पुष्करच्या म्हणण्याप्रमाणे ती झोपेतसुद्धा एक डोळा उघडा ठेवायची.

लोलाच्या दाराला हात लावताच तिला वास आला. करपलेल्या नारळाचा वास. तो एकदा नाकात बसला की चुकत नाही.

लोला गालिच्यावर बसली होती, स्वयंपाकघराकडे पाठ करून. मांडीवर उमा. दोघी मिळून एका लाकडी चमच्याला टोपी घालत होत्या. त्यांच्या मागे, पाच-सहा पावलांवर, स्टोव्हवरच्या पातेल्यातून काळसर धूर वर चढत होता. छतावर जिथे स्मोक अलार्म असायला हवा तिथे नुसतं पांढरं वर्तुळ होतं. सुकी मासळी तळताना सारखा कोकलतो म्हणून लोलानं तो कधीच काढून खणात टाकला होता.

उत्कर्षानं आधी उमाला उचलून कडेवर घेतलं, मग स्टोव्ह बंद केला, मग खिडकी उघडली. त्या क्रमानं.

"एवढ्या थंडीत खिडकी?" लोला म्हणाली.

"लोला, तुला वास येत नाहीये?"

"कसला, अनाक?"

अनाक म्हणजे बाळ. ती उत्कर्षालाही तेच म्हणे आणि उमालाही. उठायला तिला वेळ लागला. पातेल्याशी आली, आत पाहिलं. हे कसं झालं, असं तिनं विचारलं नाही. नुसतं झाकण उचललं आणि कुणीतरी झोपलेलं असावं तसं हळूच पुन्हा ठेवलं.

उत्कर्षानं खुंटीवरचा उमाचा स्नोसूट काढला. एक पाय घातला, दुसरा घातला, चेन अर्धी वर ओढली. उमानं लोलाकडे हात पसरले. उत्कर्षाचा हात चेनवर थांबला.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

लोला खुर्चीवर बसली. "त्या तापापासून. नाक गेलं, त्याच्यामागून जीभ गेली. गरम कळतं, गार कळतं. बाकी सगळं कागद चावल्यासारखं."

"मारिसेलला माहीत नाही?"

"तिला सांगितलं तर उद्यापासून स्टोव्ह बंद. तिच्या आश्रमातल्या म्हाताऱ्यांना काय काय बंद करतात ते ती रोज येऊन सांगते मला. कुणाची काडेपेटी काढून घेतली, कुणाची सुरी. मग मी या घरात काय करू? टीव्हीसमोर बसून तिची वाट बघू?" तिनं उत्कर्षाचं मनगट धरलं. "तिला सांगू नकोस."

उत्कर्षानं वेगळंच विचारलं.

"मग इतके दिवस स्वयंपाक कसा केलास?"

"तुझ्या तोंडाकडे बघून."

खिडकीतून आलेल्या वाऱ्यानं टेबलावरचा कागदी रुमाल उडाला. उमानं तो पकडायला हात मारला.

"मीठ जरा जास्त पडलं असं वाटलं," लोला म्हणाली, "पण तू म्हणालीस छान. मग तेवढंच धरलं. चिंच भीत भीत घातली, कमी घातली. तू म्हणालीस खूपच छान. मला वाटलं, हात शाबूत आहे. जीभ नसली तरी हाताला आठवतंय."

उत्कर्षानं स्नोसूटची चेन खाली ओढली. आधी एक पाय काढला, मग दुसरा. उमाला उंच खुर्चीत बसवून पट्टा लावला आणि एकदा ओढून पाहिला. करपलेल्या पातेल्याशेजारी दुसरं एक झाकलेलं भांडं होतं, रात्रीसाठी केलेलं सिनिगांग.

"चमचा दे."

लोलानं दिला. आणि जुन्या सवयीनं समोर बसली, हात टेबलावर ठेवून.

उत्कर्षानं घोट घेतला. चेहरा सावरायची तिला इतकी सवय झाली होती की या वेळी तो मुद्दाम सोडून द्यावा लागला. नाक आकसलं, एक डोळा मिटला.

"आंबट नाही. अजिबातच नाही. आणि मीठ समुद्राइतकं."

लोलाची हनुवटी वर गेली. "माझं सिनिगांग? आमच्या गावी, इलोइलोला, माझ्या हातचं खायला बिशप येऊन गेलाय."

"बिशप आला तेव्हा चांगलं असेल. आज नाही."

लोला तिच्याकडे बघतच राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. उत्कर्षाला आधी वाटलं रडतेय. पण ती हसत होती, आवाज न करता, टेबलावर तळहात आपटत. तिला हसताना बघून उमाही पाय झाडायला लागली.

"पुन्हा सांग," लोला म्हणाली. "कसं आहे?"

"वाईट आहे."

"किती वाईट?"

"पुष्करसुद्धा खाणार नाही."

"बाप रे," लोला म्हणाली. हा शब्द ती उत्कर्षाकडूनच शिकली होती.

अर्धा रस्सा ओतून टाकला, उरलेल्यात पाणी घातलं, मुळ्याच्या आणखी चकत्या टाकल्या. लोलाच्या कपाटात चिंचेची पावडर होती. उत्कर्षानं ती हुंगली आणि परत ठेवली. उमाला कडेवर घेऊन ती घरी गेली आणि आईनं मुरुडहून येताना आणलेला चिंचेचा गोळा घेऊन आली. लोलानं तो हातात घेतला, दाबला, वळवला. वास घेण्यासाठी नाकाशी नेला आणि मध्येच थांबली. मग कोमट पाण्यात घालून बोटांनी कुस्करायला लागली. ते मात्र तिच्या हातांना बरोबर येत होतं.

"बस?"

"अजून."

"आता?"

"अजून थोडी."

"एवढी? तुम्ही लोक फार आंबट खाता."

"तूच शिकवलंस. अजून."

पुढच्या चमच्याला उत्कर्षाचे कान गरम झाले. "आता," ती म्हणाली. लोलानं तिच्या तोंडाकडे बघून घेतलं, बराच वेळ, एखादा पत्ता पाठ करावा तसं.

"मारिसेल आली की तू सांगायचं," उत्कर्षा म्हणाली. "मी इथेच बसते. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन. पण तू सांगावंस."

"आणि सोमवारी? उमा?"

"आधी आजचं."

त्या संध्याकाळी मारिसेल डोळ्यांखाली काळं घेऊन आली आणि कोटासकट खुर्चीत बसली. आश्रमात जेवून आलेय, म्हणाली. तरी लोलानं वाटी पुढे केली. मारिसेलनं एक घोट घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याला तिनं हातमोजे काढून ठेवले.

"आई," ती म्हणाली, "हे आधीसारखं झालंय."

लोला भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. मग त्यांच्या भाषेत दोन-तीन वाक्यं बोलली, अगदी हळू. उत्कर्षाला एकही शब्द कळला नाही, पण लोलानं बोलता बोलता एकदा नाकाला हात लावला आणि एकदा तिच्याकडे बोट केलं.

"चव बिघडली होती," उत्कर्षा म्हणाली. "बरेच दिवस. तू सांगायला सांगितलं होतंस. आज सांगतेय."

मारिसेलनं चमचा खाली ठेवला. "मी या गल्लीत पाच घरी डबे दिले होते. प्रत्येकाला तेच सांगितलं होतं. आईला विचारलं तर ती चिडते, आणि दिवसभर फिनेल हुंगून माझीच जीभ मेलेली. सगळे म्हणाले, डिलिशस." ती उठली आणि स्टोव्हकडे गेली. लोलानं टेबलाची कड धरली. पातेल्याचा काळा तळ मारिसेलनं बोटानं खरवडून पाहिला, मग वर छताकडे, त्या पांढऱ्या वर्तुळाकडे. खण उघडून अलार्म बाहेर काढला, उलटा केला.

"बॅटरी आहे का कुणाकडे?"

"आमच्याकडे आहेत," उत्कर्षा म्हणाली. "डझनभर."

लोलानं टेबलाची कड सोडली.

रात्री पुष्करनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे सोमवारी तू तरीही तिला तिथे ठेवणार? तू? अगं, तू पट्टा तीनदा ओढून बघतेस."

"म्हणूनच ठेवणार. तिथे धोका काय आहे ते मला माहीत आहे. दुसरीकडे तो शोधत बसावं लागलं असतं."

"आणि स्टोव्ह?"

"उमा तिथे असेपर्यंत बंद. तिचं जेवण इथून डब्यात जाईल. मी संध्याकाळी ट्रेननं आले की लोला स्वयंपाकाला लागेल. पहिला चमचा माझा."

"रोज?"

"तुझी काय तक्रार आहे? तुला फदफदं मिळेल."

पुष्करनं थोडा विचार केला. "चांगलं झालं तरच," तो म्हणाला.

सोमवारी उमा रडली नाही. उत्कर्षा ऑफिसला जाताना गो ट्रेनच्या खिडकीशी थोडीशी रडली, मग चष्मा पुसला आणि लॅपटॉप उघडला. डॉक्टरनं लोलाला लिंबू, लवंग, निलगिरी असल्या बाटल्या रोज हुंगायला दिल्या. कदाचित येईल परत, कदाचित नाही, असं तो म्हणाला. मे महिन्यात एकदा लोलाला वाटलं की लवंग आली. मग म्हणाली, नाही, आठवण आली असेल. पण सिनिगांग दर आठवड्याला आंबट होत होतं, आणि एकदा उत्कर्षा दमून येऊन काही न चाखताच 'छान' म्हणाली तेव्हा लोलानं वाटी परत ओढून घेतली.

"गिळ आधी," ती म्हणाली. "मग बोल."

पुढच्या डिसेंबरात उत्कर्षाच्या भावाचं लग्न ठरलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी, उघड्या बॅगांच्या मधोमध बसून तिनं मिल्टनच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं. दोनदा खोडलं. मग जसं बोलली असती तसंच लिहिलं:

'नमस्कार मंडळी. आम्ही उद्या मुरुडला निघतोय. आमच्या शेजारच्या निळ्या दाराच्या घरात लोला राहते. तिची मुलगी दिवसभर ड्युटीवर असते. संध्याकाळी कुणीतरी जरा डोकावून याल का? हातात काही न्यायला नको. ती दारातच विचारेल, जेवलीस? नाही म्हणा. टेबलाशी बसा. ती चमचाभर काहीतरी देईल आणि तुमच्या तोंडाकडे बघत राहील. बघू द्या तिला. लगेच छान म्हणू नका. आंबट कमी वाटलं तर तसं सांगा. चिंच तिच्या फ्रीजच्या दारात आहे.'